मुराळी

"विष्णू, अरे धाव! हिच्या पायाला बघ काय चिकटलंय!"

वैशंपायन साहेब तंबूतून ओरडले तेव्हा विष्णू भोयर गुडघ्यांवर बसून तंबूची शेवटची खुंटी ठोकत होता. त्याच्या स्वतःच्या पोटऱ्यांना चार जळवा लागल्या होत्या आणि त्यांतली एक रक्त पिऊन अंगठ्याएवढी फुगली होती. तिच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती. हातोडी टाकून तो आत धावला. हेमलताबाई घडीच्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या घोट्यावर एक बारकीशी, नुकती लागलेली जळू वळवळत होती.

"वढू नका बाईसाहेब, तोंड आतच राहून जाते तिचं. मीठ लावतो." त्याने डब्यातून चिमूटभर मीठ आणून लावलं. जळू गळून पडली.

"हे का तुमचं सदाहरित अरण्य?" बाई नवऱ्यावर उखडल्या. "पचमढीला गेलो असतो तर चार दिवस सुखाने तरी गेले असते."

साहेबांनी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की परदेशात लोक घरासारखी सजवलेली मोटार घेऊन रेनफॉरेस्टमधून, समुद्रकाठच्या गावागावांतून महिना महिना हिंडतात, तंबूत राहतात आणि रानात अन्न शिजवून खातात. ते चित्र त्यांच्या डोक्यात दोन वर्षं बसलं होतं. ते खरं करायला १९७१ सालचा नोव्हेंबर उजाडला आणि आता ते कारवारच्या वरच्या घाटात, भर दुपारी दिवा लावावा लागेल अशा झाडीत येऊन पोचले होते.

"पापा, विष्णू काका के पैर से खून आ रहा है," त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी लतिका म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच यायचं.

"त्याला सवय आहे," साहेब म्हणाले.

जबलपूरच्या फॅक्टरीतल्या फिटरला जळवांची सवय कुठून असणार? पण साहेब म्हणतात म्हणजे असेल, असं खुद्द विष्णूलाही वाटलं. तो बाहेर आला, आपल्या पायांना मीठ चोळलं आणि चूल मांडायला लागला. गेले दहा दिवस तोच गाडी चालवत होता, तंबू ठोकत होता, पोळ्या लाटत होता आणि रात्री गाडीखाली सतरंजी टाकून झोपत होता. त्याची काही तक्रार नव्हती. त्याला या प्रवासातलं एकच ठिकाण हवं होतं, आणि ते परतीच्या वाटेवर होतं.

त्या ठिकाणाचं नाव नेरवण. तिथे त्याची एकुलती एक मुलगी इंदू राहायची. जावई विनय दीपगृहात नोकरीला होता. लग्न झालं तेव्हा तो नागपुरात एका केंद्र सरकारच्या ऑफिसात होता. मग बदली झाली आणि इंदू समुद्राच्या टोकावर, दीपगृहाच्या दोन खोल्यांत जाऊन पडली. घरात सासू नाही, नणंद नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा रीतीप्रमाणे माहेरच्या माणसाने मुराळी म्हणून जाऊन तिला घेऊन यायला हवं होतं. इंदूला भाऊ नव्हता, म्हणजे जायचं विष्णूनेच. विष्णूने रजेचा अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, "मार्चचं टार्गेट होऊ दे, मग बघू." विष्णूने पुन्हा विचारलं नाही. इंदू सातव्या महिन्यात, एकटी असताना, स्वयंपाकघरात बाळंत झाली. मूल मेलेलं होतं. शेजारची म्हातारी आली तोवर इंदूने स्वतःच सगळं आवरलं होतं, असं विनयने पत्रात लिहिलं होतं.

विष्णूने पुन्हा का विचारलं नाही, हे बेबीताईने, त्याच्या बायकोने, त्याला शंभरदा विचारलं असेल. त्रेचाळीस साली, मोठी लढाई चालू असताना, काटोलकडच्या खेड्यातून एकवीस वर्षांचा विष्णू जबलपूरला आला आणि लष्करी सामान बनवणाऱ्या फॅक्टरीच्या गेटातून आत शिरला. तिथून पुढे बासष्टची लढाई, पासष्टची लढाई, सगळी त्याने लोखंडाचा तुकडा पकडून धरणाऱ्या व्हाइसवर वाकून काढली. अठ्ठावीस वर्षांत एक मेमो नाही. साहेबाने एकदा 'नाही' म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी त्याची बाजू घेत नाहीये. असा माणूस कसा घडतो, तेवढंच सांगतोय.

म्हणून या उन्हाळ्यात इंदूला पुन्हा दिवस गेल्याचं कार्ड आलं आणि त्याच आठवड्यात वैशंपायन साहेबांनी लिलावात लष्कराची एक मोडकी ॲम्ब्युलन्स घेतली, तेव्हा विष्णूला ते देवाचंच करणं वाटलं. साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. सहा महिन्यांचे सगळे रविवार विष्णूने त्या गाडीखाली घालवले. इंजिन खोललं, गिअरबॉक्स बसवला, मागे पाण्याची टाकी आणि दोन्ही बाजूंना बाक केले. आणि एका रविवारी, साहेब चांगल्या मूडमध्ये बघून, त्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं.

"त्यात काय!" साहेब म्हणाले. "परतताना तुझ्या मुलीला घेऊन येऊ. मागच्या बाकावर आरामात झोपून येईल."

झोपून येईल म्हणाले म्हणून विष्णूने डावीकडचा बाक वीतभर जास्त रुंद केला आणि त्यात मऊ स्प्रिंगा बसवल्या. कोकणातून जबलपूरला यायचं म्हणजे तीन बसगाड्या आणि दोन आगगाड्या. आठ महिन्यांच्या पोटुशीला ते हाडं खिळखिळी करणारं होतं. इथे दारापासून दारापर्यंत गाडी मिळत होती.

"साहेबाची सहल अन् तुही लेक," त्याच्या शेजारच्या व्हाइसवरचा तुळशीराम दात काढून म्हणाला. "तू ड्रायवर आहेस का मुराळी, एक काहीतरी ठरव बाप्पा!"

विष्णूही हसला. जबलपूरच्या घमापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांपैकी आतली खोली बेबीताईने पांढऱ्या मातीने सारवून ठेवली. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या अंजनी नर्सला सांगून ठेवलं. जुनी मऊ लुगडी धुऊन, फाडून त्यांच्या घड्या केल्या. निघायच्या दिवशी ती विष्णूला म्हणाली, "यंदा तिले घेऊनच या. एकटं येसान तं मी दार नाही उघडणार."

"घेऊनच येतो," विष्णू म्हणाला.

घाट उतरून कारवारला आल्यावर विष्णूने समुद्र पाहिला. नर्मदेला पलीकडचा काठ असतो, याला नव्हता. तो जरा वेळ बघत उभा राहिला, तर मागून बाईंनी हाक मारली, की भांडी तशीच पडली आहेत. खाऱ्या पाण्याने कढईचा तेलकटपणा निघेना. तो घासत राहिला आणि मनात म्हणत राहिला, की याच पाण्याच्या काठाने वर वर गेलं की इंदू आहे.

साहेबांना समुद्रकाठ फार मानवला. दर गावाबाहेर दोन-दोन दिवस मुक्काम पडायला लागला. साहेब हाफ पँट घालून मासे विकत घ्यायचे, जे घरी कधी शिजले नव्हते, आणि विष्णूने ते साफ करायला शिकून घेतलं. लतिका वहीत झाडं आणि होड्या काढायची. बाई मात्र बाजार करायच्या. कारवारात काथ्याची पायपुसणी, काजूची पोती, एका ठिकाणी पितळी समई. गाडीच्या टपावर जागा राहिली नाही तेव्हा सामान आत यायला लागलं. विष्णू ते रोज उजव्या बाजूला रचायचा. डावा बाक त्याने रिकामा ठेवला होता.

गोव्यात एका जुन्या घरातले लोक सामान विकून मुंबईला चालले होते. तिथे बाईंना एक शिसवी आरामखुर्ची दिसली, वेताची, लांब हातांची. त्यांनी ती तिथल्या तिथे घेतली.

"टपावर घासेल," बाई म्हणाल्या. "आत घे. त्या रुंद बाकावर बरोब्बर बसते बघ, मापाने केल्यासारखी."

विष्णू खुर्चीचा एक हात धरून उभा राहिला. "बाईसाहेब, थे बाक... म्हणजे इंदू येऊन राहिली ना..."

"अगोबाई, हो की! तुझी मुलगी." बाई खरोखरच विसरल्या होत्या. "बसेल की ती खाली गादीवर. चार दिवसांचा तर प्रश्न."

विष्णूने खुर्ची उचलली, बाकावर आडवी घातली आणि तिच्या पॉलिशला ओरखडा जाऊ नये म्हणून आपलं जुनं धोतर फाडून चारही पायांना गुंडाळलं. दोरीने करकचून बांधली. गाठ इतकी चांगली मारली, की जबलपूरपर्यंत ती खुर्ची तसूभर हलली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी विष्णू दूध आणायला गेला तर दुकानापाशी माणसांचा घोळका ट्रान्झिस्टरला कान लावून उभा होता. आदल्या संध्याकाळी पाकिस्तानच्या विमानांनी हल्ला केला होता. लढाई सुरू झाली होती. विष्णू धावत तंबूकडे आला आणि साहेबांनी ते ऐकताच हाफ पँट काढून फुल पँट घातली. तालुक्याच्या पोस्टात जाऊन त्यांनी ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला. बाहेर आले तेव्हा सुट्टीवरचा माणूस नाहीसा झाला होता आणि फॅक्टरीतला साहेब परत आला होता.

"सगळ्यांच्या रजा रद्द. उद्या पहाटे निघायचं. तंबू आजच गुंडाळ. वाटेत कुठंही उगाच थांबायचं नाही."

'कुठंही'मध्ये नेरवण आलं का, हे विष्णूला विचारायचं होतं. त्यासाठी त्याने गाडीची काच तीनदा पुसली, चाकांची हवा बघितली, पुन्हा काच पुसली. शेवटी साहेब गाडीपाशी आले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, थे नेरवण रस्त्यावरच लागते. म्हणजे फाटा लागते."

"कोण नेरवण?" साहेबांना आठवायला वेळ लागला. "हां, तुझी मुलगी. गावात नाही शिरायचं, वेळ नाही. फाट्यावर उभी असली तर घेऊ. दोन मिनिटं, जास्त नाही."

फाट्यावर उभी असली तर घेऊ! विष्णूला साहेबांचे पाय धरावेसे वाटले. तो पळत पोस्टात गेला आणि त्याने तार केली: रविवारी सकाळी सातपासून फाट्यावर उभी राहा. गाडी येते. बाबा.

लढाईच्या दिवसांत ती तार पोचेल की नाही याची त्याला धास्ती होती. तार पोचली. शनिवारी दुपारीच पोचली.

रविवारी पहाटे गाडी निघाली, पण गोव्याच्या हद्दीवर पोलिसांनी ती अडवली. लष्करी बांधणीची गाडी, त्यात तंबू, दुर्बीण, नकाशे आणि हिंदी बोलणारी माणसं. हवालदाराला भलताच संशय आला. साहेबांनी ओळखपत्र दाखवलं तरी त्याने टपावरचं सगळं सामान उतरवायला लावलं. साहेबांना असल्या भाषेची सवय नव्हती. एक पोरगेलासा शिपाई त्यांना 'ए' म्हणाला. दीड तास त्यात गेला. सामान पुन्हा चढवून गाडी निघाली तेव्हा साहेबांची कानशिलं लाल झाली होती. सावंतवाडीच्या पुढे रेडिएटर तापला म्हणून विष्णूने गाडी बाजूला घेतली, आणि सगळा राग त्याच्यावर निघाला.

"गाडी नीट बघून घेतली नव्हतीस? सहा महिने काय करत होतास? लोक तिकडे मरतायत आणि आपण रस्त्यात पाणी भरत बसलोय! आता पुन्हा थांबलास तर बघ. मला जरा पडू दे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." साहेबांनी मान मागे टाकली आणि टोपी डोळ्यांवर ओढली. थोड्याच वेळात ते घोरायला लागले.

विष्णू गाडी चालवत राहिला. बाई आणि लतिका मागे होत्या. ड्रायव्हरच्या पाठीमागे मध्ये पत्र्याची भिंत आणि तिला एक सरकती खिडकी, ती बंद होती. पुढे तो, साहेब आणि साहेबांचं घोरणं. साडेदहा वाजून गेले होते. इंदू सातपासून उभी असणार. त्याने मनात जुळवायला सुरुवात केली. फाटा आला की गाडी हळूच थांबवायची. साहेबांना म्हणायचं, साहेब, फाटा. साहेब 'बरं' म्हणतील. ट्रंक आपण उचलायची, इंदूला मागे चढवायचं, खुर्चीच्या पायाशी गादी घालायची. दोनच मिनिटं. साहेबांनी स्वतः सांगितलंय दोन मिनिटं. आणि पुन्हा थांबलास तर बघ, असंही साहेबांनीच सांगितलंय. ही दोन वाक्यं त्याच्या डोक्यात एकमेकांवर आपटत राहिली.

वळण संपलं आणि लांबूनच त्याला ती दिसली.

फाट्यावर एक पानाचं दुकान होतं, मैलाचा दगड होता, आणि त्या दगडापाशी पत्र्याच्या ट्रंकेवर इंदू बसली होती. शेजारी एक म्हातारी उन्हात पदर डोक्यावर घेऊन उकिडवी बसली होती. गाडीचा आवाज ऐकून इंदू उठली. ट्रंकेला हात टेकून, दुसरा हात कमरेवर ठेवून, दोन झटक्यांत उठली. किती वाळली होती ती! पोट तेवढं पुढे आलेलं. विष्णूने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, क्लच दाबला. गाडी मंदावली. इंदूला टपावरचे तंबू दिसले, मग काचेतून बाप दिसला. ती हसली. म्हातारीला काहीतरी म्हणाली आणि ट्रंक उचलायला वाकली.

गाडीचा वेग मोडला तशी साहेबांची झोप चाळवली. टोपीखालून, डोळे न उघडता, ते फॅक्टरीतल्या आवाजात म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही साहेब," विष्णू म्हणाला. "म्हैस आडवी आली."

आणि त्याने गिअर बदलला.

साहेबांच्या टोपीपलीकडच्या खिडकीतून इंदू गेली. ट्रंक एका हातात अर्धवट उचललेली, दुसरा हात पुढे केलेला. दोघांची नजरानजर झाली. तिच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, कारण तिला अजून कळलं नव्हतं. मग आरशात ती दोन पावलं पळताना दिसली. मग थांबली.

का केलं त्याने असं? कोणी बंदूक रोखली नव्हती. साहेब झोपेत होते. 'साहेब, फाटा' एवढे दोन शब्द बोलायचे होते. साहेब वैतागले असते, बाईंनी नाक मुरडलं असतं आणि मुलगी गाडीत बसली असती. एवढ्यासाठी सहा महिन्यांचे रविवार दिले होते त्याने. मला त्या माणसाचा संताप येतो. पण हेही माहीत आहे, की त्या आवाजात 'काय झालं' विचारल्यावर अठ्ठावीस वर्षं त्याच्या तोंडाने एकच उत्तर दिलं होतं, आणि ते तोंड त्याला न विचारताच बोललं.

पुढच्या वळणावर थांबवू, असं त्याने ठरवलं. वळण गेलं. मोरीपाशी थांबवू. मोरी गेली. आता थांबलं तर साहेब विचारतील, मघाशी का नाही बोललास, म्हैस कुठली होती? पत्र्याची खिडकी सरकली आणि लतिकेचा चेहरा दिसला. "काका, वो औरत हाथ दिखा रही थी ना? कौन थी?"

"होगी कोणी, बेटा. बसची वाट पाहून राहिली असेल."

खिडकी बंद झाली. मग घाट लागला, आणि घाटात एवढी मोठी गाडी वळवता येत नाही.

घाटमाथ्यावर साहेब जागे झाले. त्यांनी आळस दिला, घड्याळ बघितलं आणि त्यांचं मन बरंच निवळलेलं दिसलं. "अरे, तुझं ते गाव गेलं का रे?"

"गेलं साहेब."

"मुलगी नव्हती?"

"नव्हती."

"बघ आता! तार पोचली नसेल. लढाईत असंच होतं." साहेबांना खरंच वाईट वाटलं. "नाहीतर घेतलं असतं आपण. मी सांगितलं होतं ना तुला?"

"हो साहेब," विष्णू म्हणाला.

चौथ्या दिवशी गाडी जबलपूरला पोचली. बेबीताईने दार उघडलं, त्याच्या मागे बघितलं, गल्लीत बघितलं.

"इंदू?"

घाटापासून घमापुरापर्यंत त्याने काय सांगायचं ते हजारदा घोकलं होतं. "फाट्यावर नव्हती ते. आम्ही तासभर थांबलो. साहेब पण थांबले. नाही आली."

"काहून नाही आली?"

"आता मले काय माहीत!"

बेबीताई उंबऱ्यातच बसली. मग तिने जावयाला शिव्या घातल्या. त्यानेच धाडलं नसणार. स्वतःच्या पोटाचे हाल होतात म्हणून बायकोला सोडलं नसणार. विष्णू आत जाऊन सारवलेल्या खोलीत उभा राहिला. अंघोळ न करता, कपडे न बदलता तो तसाच फॅक्टरीत गेला. गेटावर हजेरी दिली तेव्हा त्याला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

बेबीताईला लिहिता येत नव्हतं. तुळशीरामच्या मुलीकडे, शैलजाकडे जाऊन तिने पत्र लिहवून घेतलं आणि विष्णूला न सांगता पेटीत टाकलं. त्यात तिने मनातलं सगळं ओकलं होतं. बाप साहेबाची गाडी घेऊन तासभर उन्हात उभा राहिला, आणि तुला यायला काय झालं होतं? नवरा एवढा प्यारा आहे तर राहा तिथंच.

फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी चालू होती. शहरात संध्याकाळी दिवे मालवायचे, काचांना काळे कागद चिकटवायचे. सोळा तारखेला लढाई जिंकली आणि सगळ्यांना पेढे वाटले. वैशंपायन साहेबांनी फिटरांच्या शॉपमध्ये छोटं भाषण केलं. सुट्टी अर्धी टाकून, आठशे मैल गाडी पिटाळत कामावर हजर झालेल्या फिटर भोयरचं त्यांनी नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुळशीरामने त्याच्या पाठीत धपका घातला. विष्णूने पेढा खाल्ला नाही. घरी नेला आणि बेबीताईला दिला. तिनेही नाही खाल्ला. नर्मदेवरून येणारा वारा बोचरा झाला होता आणि कोकणातून काही खबर नव्हती.

जानेवारीत, संक्रांतीच्या आधी दोन दिवस, पोस्टमन आला. दुपारची वेळ, विष्णूची दोनची पाळी होती. पाकिटावर इंदूचं अक्षर होतं.

"वाचा," बेबीताई म्हणाली. पदर तोंडाशी धरून ती समोर बसली.

विष्णूने पाकीट फोडलं. आता सगळं उघडं पडणार, हे त्याला कळलं होतं. तरी कुठेतरी त्याला सुटल्यासारखं वाटलं. पडू दे उघडं. तो मोठ्याने वाचायला लागला.

"तीर्थरूप आईबाबांना साष्टांग नमस्कार. आईचं पत्र मिळालं. लिहायला उशीर झाला, माफ करा. बाबा त्या दिवशी फाट्यावर तासभर उभे राहिले, हे वाचून जिवाला फार लागलं. चूक माझीच आहे. मला घरून निघायला उशीर झाला. मी पोचले तेव्हा गाडी निघून गेली होती. बाबांना बोल लावू नये, आणि यांनाही लावू नये."

विष्णू थांबला.

"पुढं वाचा ना!"

"एकोणीस तारखेला रात्री मुलगी झाली. हे कामावर होते. लढाई संपली तरी रजा अजून सुरू झाल्या नव्हत्या. शेजारची आजी होती, पण तिला दिसत नाही. मुलगी दोन दिवस होती. माझी तब्येत बरी आहे. मला घ्यायला कोणी येऊ नये. आता काही काम उरलं नाही. आपली इंदू."

बेबीताई कपाळावर हात मारून रडायला लागली, आणि रडता रडता तिचं बोलणं सुरू झालं.

"निघायले उशीर झाला! तासभर थांबला तिचा बाप, एक तास! अन् हिच्याच्यानं घरून निघणं नाही झालं. पोटात लेकरू आहे, बाप कुठून कुठून गाडी घेऊन आला, एवढं समजू नये पोरीले? स्वतःच्या हातानं घालवलं तिनं लेकरू. स्वतःच्या हातानं!" ती त्याच्याकडे वळली. "तुम्हीच सांगा. आपल्या हातानं कमी झालं काय काही? चूक कोणाची आहे? सांगा ना, बोलून काहून नाही राहिले?"

विष्णूने पत्राची घडी केली. ती उलगडून पुन्हा केली. साडेबारा पावणेएक झाला असेल. गल्लीत दोनच्या पाळीला घाईने निघालेल्या सायकलवाल्याला कोणीतरी हाक मारत होतं.

"तिचीच," तो म्हणाला.

बेबीताईने मान हलवली आणि पदराने नाक पुसलं. विष्णूने पत्र देवाच्या फळीवर ठेवलं, कोपऱ्यातली सायकल काढली आणि डबा मागितला. तिने उठून त्यात तीन पोळ्या घातल्या.